आधी माजघरात रेंज बघा, मग पॅकचा दर

पत्र

नमस्कार. मी गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत राहते. वय अठ्ठावन्न. आमसुलं, आगळ, फणसपोळी, आंबापोळी असं घरीच करून विकते. आजवर बटणाचा फोन पुरला, पण आता मुंबई-पुण्याची गिऱ्हाइकं म्हणतात, फोटो पाठवा, पैसे ऑनलाइन घ्या. डोंबिवलीचा मुलगा गणपतीला येताना त्याचा जुना टच फोन माझ्यासाठी आणणार आहे. तो म्हणतो, माझ्याच कंपनीचं कार्ड घे, मला फार छान नेट मिळतं. बाजारातला दुकानदार दुसरीच कंपनी सुचवतो, म्हणतो, वर्षाचा पॅक मारा, स्वस्त पडेल, आणि काकांचंही कार्ड त्याच कंपनीत करून टाका. शेजारची सून तिसऱ्याच कंपनीचं नाव घेते. माझा नंबर पंधरा वर्षांचा आहे, बँकेत आणि गॅसला तोच दिलाय. मला किती नेट लागेल? कुठली कंपनी घेऊ? नंबर तर जाणार नाही ना? यजमान फोन फक्त बोलण्यापुरता वापरतात, त्यांचं काय करू?

एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर

ताई,

नंबरची काळजी आधी मिटवते. नंबर जाणार नाही. कंपनी बदलली तरी तोच दहा आकडी नंबर ठेवायची सोय देशभर जानेवारी २०११ पासून आहे. बँक, गॅस, आधार, कुठेही काही बदलावं लागत नाही. तेव्हा नंबरच्या भीतीने आहे त्याच कंपनीत अडकून राहायचं कारण नाही. आणि कुणी घाई करतंय म्हणून उद्याच उडी मारायचंही कारण नाही.

तुम्हाला तिघांनी तीन नावं सांगितली, कारण तिघं तीन ठिकाणांहून बोलतायत. डोंबिवलीत पावलोपावली टॉवर आहेत, तिथलं नेट बघून गुहागरचा अंदाज येत नाही. शिवाय मोबाइलच्या हिशेबात देशाचे २२ भाग पाडलेत, त्यांना सर्कल म्हणतात. डोंबिवली मुंबई सर्कलमध्ये येते, तुम्ही महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये. त्यामुळे मुलाच्या मोबाइलवर दिसणारा पॅक तुमच्याकडे तसाच असेल असं नाही. यूट्यूबवर कुणीतरी सांगितलेला स्वस्त पॅकही कित्येकदा दुसऱ्याच राज्यातला असतो. पॅक बघायचा तो कंपनीच्या अ‍ॅपमध्ये किंवा वेबसाइटवर, महाराष्ट्र-गोवा निवडून.

पण पॅक ही पुढची गोष्ट. तुमच्या भागात पहिला प्रश्न रेंजचा आहे. घर वाडीत, बहुधा डोंगराच्या कुशीत, भिंती जांभ्याच्या, वर माडापोफळीचं आगर. अशा घरात पडवीत एक कंपनी चांगली चालते आणि माजघरात तीच गप्प होते. काही लहरी लांब जातात आणि जाड भिंतीतून आत शिरतात, काही वेगवान असतात पण भिंतीशीच अडतात. कुठल्या कंपनीने तुमच्या जवळच्या टॉवरवर काय लावलंय, यावर सगळं अवलंबून. टेलिफोन खात्याच्या नियामकाने, म्हणजे ट्रायने, सगळ्या कंपन्यांना आपापल्या वेबसाइटवर रेंजचा नकाशा ठेवायला लावलाय. तो मुलाकडून जरूर बघून घ्या. गावाचं नावच नकाशात रंगलेलं नसेल तर ती कंपनी तिथेच बाद. रंगलेलं असेल तरी तुमच्या माजघराचं उत्तर नकाशा देत नाही.

ते उत्तर गणपतीत तुमच्या घरी आपोआप येणार आहे. चाकरमानी येतील, त्यांच्या खिशात जिओ, एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल अशी सगळी कार्डं असतील. दर्शनाला आलेल्या प्रत्येकाला कौतुकाने फोन मागा आणि दोन गोष्टी करून बघा. तुम्ही जिथे काम करता त्या जागी, म्हणजे स्वयंपाकघरात आणि फणसपोळी वाळत घालता तिथे, एक साधा कॉल लावा. मग तिथूनच एक मिनिट व्हिडिओ कॉल करा. वायफाय असेल तर ते आधी बंद करायला सांगा. वहीत कंपनीचं नाव लिहा, पुढे आवाज तुटला की नाही, चित्र थांबलं की नाही, एवढंच.

एक लक्षात ठेवा. गणपतीत आणि मे महिन्यात गावच्या टॉवरवर नेहमीच्या कितीतरी पट माणसं असतात. एसटीचा थांबा दारात असून गाडीत पाय ठेवायला जागा नसावी, तसं तेव्हा होतं. रेंजच्या दांड्या पूर्ण दिसतात आणि नेट मात्र सरकत नाही. म्हणून त्या दिवसांत एखादी कंपनी रात्री आठ-नऊला संथ वाटली तर लगेच फुली मारू नका. पण त्या गर्दीतही जी नीट चालली, तिच्या नावाखाली दोन रेघा ओढा. तुमचा हंगाम मे महिन्यातच असतो, तेव्हा तुम्हाला अशाच गर्दीत धंदा करायचाय.

आता मुलाच्या जुन्या फोनबद्दल त्याला आत्ताच तीन गोष्टी विचारा. एक, फोन ४जी आहे का आणि त्यात व्होल्टे चालू होतं का. व्होल्टे म्हणजे ४जी वरूनच कॉल. जिओचं नेटवर्क २०१६ मध्ये सुरू झालं तेच ४जी वर, त्यांच्याकडे जुनं २जी नाहीच, त्यामुळे व्होल्टेशिवाय जिओवर साधा कॉलही लागत नाही. दोन, फोन एखाद्याच कंपनीच्या कार्डाला बांधलेला तर नाही ना. काही फोन तसे विकले जातात. तीन, बीएसएनएल घ्यायचं मनात असेल तर फोन ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा पकडतो का, म्हणजे बँड २८. बीएसएनएलच्या स्वदेशी ४जी चं उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ ला झालं आणि त्यांचं ४जी या पट्ट्यावरही चालतं. जुन्या फोनात तो नसला, तर टॉवर दारात असूनही तुम्हाला नेट कमी मिळेल आणि दोष उगाच कंपनीला जाईल. फोनचं मॉडेल इंटरनेटवर शोधलं की बँडची यादी सापडते, मुलाला दोन मिनिटांचं काम आहे.

फोन ५जी नसेल तर ‘अमर्याद ५जी’ हे शब्द कानाआड करा. त्यासाठी फोन ५जी लागतो, तुमच्या घरात ५जी ची रेंज लागते, आणि जिओ-एअरटेलने जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर ही सोय सहसा रोज २ जीबी (केबी, एमबी, जीबी ही नेट मोजायची चढती मापं) किंवा त्याहून मोठ्या पॅकवरच ठेवली आहे. यातलं एक जरी नसेल तर त्याचे पैसे मोजू नका. पॅकसोबत येणाऱ्या सिनेमा-मालिकांच्या वर्गणीचंही तसंच. तुम्ही बघणार असाल तरच ती तुमच्या कामाची.

किती नेट लागेल, याचं उत्तर तुम्हाला बरं वाटेल असं आहे. तुमच्या कामाला फार कमी लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेला फोटो दाबून लहान होतो, शे-दोनशे केबीचा. दिवसाला पन्नास फोटो पाठवलेत तरी दहा एमबीच्या घरात. ऑनलाइन पैसे घेताना नेट जवळजवळ खर्चच होत नाही, ते फक्त त्या क्षणी सलग मिळायला हवं. मुलाशी पाव तास व्हिडिओ कॉल केला तर साधारण शंभर एमबी धरा. म्हणजे धंदा आणि घर मिळून रोजच्या १ जीबीलाही तुम्ही सहज पोचत नाही. (१ जीबी म्हणजे १०२४ एमबी.)

नेट खातं ते चित्र. साध्या दर्जाचा व्हिडिओ तासाला अर्धा ते एक जीबी घेतो, आणि मोठ्या स्पष्ट दर्जाचा त्याच्या तिप्पट. बोटाने वर सरकवत राहायचे छोटे व्हिडिओ तर आपोआप पुढचे पुढचे उतरत राहतात, त्यात दीड जीबी कधी गेला ते कळत नाही. संध्याकाळी कीर्तन किंवा पाककृती बघायला आवडत असेल तर अवश्य बघा, तो तुमचाही फोन आहे. फक्त व्हिडिओचा दर्जा कमी ठेवा. मुलाकडून आणखी दोन गोष्टी लावून घ्या: व्हॉट्सअ‍ॅपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद, आणि अ‍ॅपचे अपडेट फक्त वायफायवर. फोन पहिल्यांदा लावताना हे अपडेट काही जीबी खाऊन टाकतात, ते काम त्याने डोंबिवलीच्या वायफायवरच उरकून यावं.

‘रोज दीड जीबी’ या पॅकचा अर्थही नीट समजून घ्या. आजचं उरलेलं नेट रात्री बारा वाजता संपतं, उद्याच्यात मिळत नाही. (व्हीआयच्या काही पॅकमध्ये आठवड्याचं उरलेलं शनिवार-रविवारी वापरता येतं.) आणि दिवसाचा कोटा संपला की बहुतेक पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर, म्हणजे अगदी संथ, येतो. पाटीवर ‘अनलिमिटेड’ लिहिलेलं असतं ते यामुळे. त्या वेगाने दोनशे केबीचा एक फोटो जायला पंचवीस सेकंद तरी लागतात आणि व्हिडिओ कॉल होतच नाही. दुसऱ्या प्रकारच्या पॅकमध्ये पूर्ण मुदतीसाठी एकदम काही जीबी मिळतात, हवे तेव्हा वापरा. तुमचं काम हंगामी आहे, आठ दिवस काहीच नाही आणि मग एकाच दिवशी चाळीस ऑर्डरी. अशा वापराला हा दुसरा प्रकार जास्त जुळतो. तो तुमच्या सर्कलमध्ये परवडत असेल तर आधी तोच बघा.

दराची तुलना करताना पाटीवरचा आकडा बघू नका, एका दिवसाचा खर्च काढा. किंमत भागिले दिवस. समजा २८ दिवसांचा पॅक २९९ रुपयांचा आहे, तर दिवसाला १० रुपये ६८ पैसे. तेवढंच नेट ८४ दिवसांना ७९९ मध्ये मिळत असेल, तर दिवसाला ९ रुपये ५१ पैसे. वर्षाला सव्वाचारशे रुपयांचा फरक पडला. आणि २८ दिवस म्हणजे महिना नव्हे, वर्षात तेरा वेळा रिचार्ज करावा लागतो. ट्रायच्या २०२२ च्या नियमाने प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा एक आणि दर महिन्याच्या ठरावीक तारखेला येणारा एक पॅक ठेवावाच लागतो, पण दुकानात तो आपण होऊन क्वचितच दाखवतात. विचारा.

वर्षाचा पॅक दिवसाच्या हिशेबात स्वस्त असतो, दुकानदार खरं सांगतोय. तरी पहिल्या खेपेला तो घेऊ नका, असं मी ठामपणे सांगते. पावसाळ्यात तुमच्याकडे वीज जाते, टॉवरची बॅटरी उतरते. कुठली कंपनी त्यात किती तग धरते हे तुम्हाला अजून माहीत नाही. तीन-साडेतीन हजार रुपये एकदा भरलेत आणि कंपनी बदलावीशी वाटली, तर उरलेली मुदत आणि उरलेलं नेट दोन्ही बुडतं, नव्या कंपनीत काही घेऊन जाता येत नाही. तुमच्यासारख्या घरगुती धंद्यात ती रक्कम लहान नाही. पहिली दोन-तीन रिचार्ज छोट्या मुदतीची करा. फोनच्या सेटिंगमध्ये महिन्याला किती नेट वापरलं ते दिसतं, तो आकडा हातात आला की मग मोठ्या मुदतीचा विचार.

आता करायचं कसं, तर मी तुमच्या जागी असते तर हा क्रम ठेवला असता. गणपतीत वहीत जी कंपनी पहिली आली, तिचं एक नवीन कार्ड महिन्यापुरतं घ्यायचं आणि मुलाने आणलेल्या टच फोनमध्ये घालायचं. जुना नंबर बटणाच्या फोनमध्ये आहे तसाच चालू ठेवायचा, तोही जवळच ठेवायचा. व्हॉट्सअ‍ॅप मात्र पहिल्या दिवसापासून जुन्या नंबरवरच उघडायचं. त्याचा ओटीपी बटणाच्या फोनवर येईल, तो टच फोनमध्ये टाकायचा. पण नंबरचं कार्ड त्याच फोनात असावं असा सरकारी आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये निघालाय, तेव्हा असं चालतं का ते मुलाकडून आधी बघून घ्या. चाललं, तर गिऱ्हाइकांना नवा नंबर कळवायची वेळच येत नाही. पैसे घेण्याचं अ‍ॅप तेवढं थांबवा, कारण ते सुरू करताना बँकेला दिलेल्या नंबरचं कार्ड त्याच फोनमध्ये असावं लागतं, तिथूनच एसएमएस जातो. एक महिना दोन रिचार्जचा खर्च पडेल, पण त्यात तुम्हाला कळेल की पावसात, दिवे गेल्यावर, तुमच्या स्वयंपाकघरात ही कंपनी उभी राहते का.

राहिली, तर जुना नंबर त्या कंपनीत पोर्ट करायचा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची. नाही राहिली, तर ते कार्ड सोडून द्या, जुन्या नंबरला धक्का लागलेला नाही. हे आधी करायचं कारण असं की एकदा पोर्ट केल्यावर पुढचे नव्वद दिवस पुन्हा कंपनी बदलता येत नाही.

एक चूक टाळा. टच फोनला छोटं नॅनो सिम लागतं, म्हणून काही जण आधी जुन्याच कंपनीकडून कार्ड बदलून घेतात आणि मग पोर्ट करायला जातात. १ जुलै २०२४ पासून असा नियम आहे की कार्ड बदलल्यावर सात दिवस पोर्टचा कोड मिळत नाही. शिवाय कार्ड बदललं की पहिले चोवीस तास एसएमएस बंद ठेवतात, म्हणजे बँकेचा ओटीपी नाही. पोर्ट करणार असाल तर नवी कंपनीच नॅनो सिम देते, मधला फेरा नको. जुनीच कंपनी ठेवायची ठरलं, तर मात्र ४जी नॅनो सिम बदलून घ्या, जुनं कापून घालू नका.

पोर्टच्या आधी दोन कामं. बटणाच्या फोनमधले नंबर बऱ्याचदा कार्डावरच साठवलेले असतात, कार्ड बंद झालं की ते गेले. मुलगा घरात असतानाच ते टच फोनमध्ये उतरवून घ्या. दुसरं, पंधरा वर्षांपूर्वी कार्ड कुणाच्या नावावर घेतलं होतं ते आठवा. कित्येक बायकांचे नंबर यजमानांच्या, भावाच्या, कधी दुकानातल्या कुणाच्या नावावर निघतात. सरकारच्या संचार साथी वेबसाइटवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते दिसतं. तुमचा नंबर तिथे यजमानांच्या यादीत निघाला तर पोर्ट करताना त्यांना आधार घेऊन सोबत यावं लागेल. माझं मत विचाराल तर ही संधी साधून नंबर तुमच्या नावावर करून घ्यायची पद्धतही दुकानात विचारा. धंदा तुमचा, खातं तुमचं, नंबरही तुमच्या नावावर असावा.

मग आपल्याच फोनवरून १९०० ला मेसेज पाठवायचा: इंग्रजी मोठ्या अक्षरांत PORT, एक जागा सोडून आपला नंबर. आठ अक्षर-आकड्यांचा कोड येतो, तो चार दिवस चालतो. तो कोड आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. एकाच सर्कलमध्ये कामाचे तीन दिवस लागतात, मधल्या सुट्ट्या धरत नाहीत, म्हणून गणपती आणि दिवाळीचे दिवस टाळा. एप्रिल-मेमध्ये तर हात लावू नका. चालू रिचार्जचे पाच-सहा दिवस उरलेले असताना सुरुवात केली तर फारसं बुडत नाही. नंबर एका कंपनीतून दुसरीत जाताना थोडा वेळ बंद पडतो, घाबरू नका.

तो कोड दुकानाच्या काउंटरशिवाय कुणालाही सांगायचा नाही. ‘तुमचं कार्ड आज बंद होणार, ४जी करून देतो, आलेला नंबर सांगा’ असे फोन येतात. ते सगळे चोर असतात. काही गडबड होऊन पैसे गेलेच, तर त्याच घटकेला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर, फोन करा, तिथे वेळ फार महत्त्वाची असते.

यजमानांचं कार्ड मात्र हलवू नका. त्यांचा फोन जुना २जी असेल तर जिओवर तो चालणारच नाही, नवा फोन घ्यावा लागेल. आणि घरात दोन वेगळ्या कंपन्या असलेल्या तुमच्याकडे बऱ्या. वादळात एक बंद पडली तर दुसरी चालण्याची आशा असते. (टॉवरचा सांगाडा पुष्कळदा दोन-तीन कंपन्यांचा एकच असतो, त्यामुळे खात्री नाही, पण आशा नक्की.) त्यांना नेट नको, तर नेटचे पैसेही भरू नका. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम केलाय की फक्त कॉल आणि एसएमएसचा रिचार्ज प्रत्येक कंपनीने ठेवलाच पाहिजे, आणि अशा रिचार्जची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. त्यांची कंपनी पूर्वीपासून घरात चालते हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून त्यांच्यासाठी लांब मुदतीचा घ्यायला हरकत नाही. दुकानात ‘नेटशिवायचा, फक्त बोलण्याचा’ असं स्पष्ट म्हणा. नाही म्हणाले तर मुलाला कंपनीच्या अ‍ॅपमधून करायला सांगा.

सांगितलेला पॅक एक आणि मिळालेला दुसरा, असं झालं तर त्याच कार्डावरून १९८ ला तक्रार करा आणि तक्रारीचा नंबर मागून वहीत लिहून ठेवा. त्याने निकाल लागला नाही, तर त्याच नंबरच्या आधारे कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. त्याचे पैसे लागत नाहीत.